गच्चीवरचा हवेचा सेन्सर: बांधायचा कसा, पावसात टिकवायचा कसा आणि त्याच्या आकड्यावर भांडायचं किती?

थंडी सुरू झाली की फोनवर एक ठरलेला गोंधळ सुरू होतो. एक ॲप म्हणतं हवा ८८, दुसरं म्हणतं १४४, शेजारच्या मुलाने बसवलेल्या यंत्रावर २३२. लगेच सोसायटीच्या ग्रुपवर लाल रंगाचा स्क्रीनशॉट येतो, त्याखाली "आपण गॅस चेंबरमध्ये राहतो" विरुद्ध "काही नाही हो, धुकं आहे" असा सामना रंगतो. खरं सांगायचं तर हे तिन्ही आकडे एकाच वेळी, एकाच हवेतून येऊ शकतात, आणि तिन्हींमागे चोख गणित असू शकतं. ते कसं, हे या लेखात पुढे करून दाखवतो.

आधी हा विषय आत्ता का, ते बघू. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची हवा इतकी बिघडली की मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्याच महिन्यात महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली: ७० मीटरपेक्षा उंच इमारतीच्या कामाभोवती किमान ३५ फूट उंच पत्रे, पाण्याची फवारणी, राडारोड्याच्या गाड्या झाकून नेणं, आणि कामाच्या जागी सेन्सरवर चालणारं प्रदूषण मोजणारं यंत्र. म्हणजे जे यंत्र तोपर्यंत हौशी लोकांच्या टेबलावर होतं, ते थेट सरकारी आदेशात आलं. तेव्हापासून माझ्या ओळखीतले निम्मे लोक विचारतात, "आपणच एक बनवून बाल्कनीत लावला तर?"

लावा. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पुण्यात राहतो, आणि असे काही संच बांधून मित्रांच्या गच्च्यांवर लावले आहेत. एका संचाला साधारण साडेतीन हजार रुपये आणि एक रविवार लागतो. पण बांधणं हा सोपा भाग आहे. तो पहिल्या पावसात टिकवणं त्याहून अवघड, आणि त्याच्या आकड्याचा अर्थ लावणं सगळ्यात अवघड.

सरकारी केंद्र असताना हा खटाटोप कशाला?

सरकारी स्वयंचलित केंद्रातलं मुख्य यंत्र हवा ओढून कागदी पट्टीवर धूळ गोळा करतं आणि त्या थरातून बीटा किरणं किती अडतात यावरून धुळीचं वजन काढतं. हवा आत येताना ती गरम करून ओलावा काढला जातो. हे यंत्र विश्वासार्ह आहे, पण त्याची किंमत लाखांत जाते. शिवाय वातानुकूलित खोली, नियमित देखभाल, कॅलिब्रेशन हे सगळं आलंच. त्यामुळे मुंबईसारख्या महानगरातही अशी केंद्रं दोन-तीन डझनांतच मोजता येतात. छोट्या शहरांत एखाद-दुसरं असतं.

केंद्राचं काम आहे आख्ख्या परिसराची सरासरी स्थिती सांगणं. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी रात्री साडेअकराला कचरा पेटतो, किंवा मागच्या प्लॉटवरचा काँक्रीटचा आरएमसी प्लांट पहाटे चारला सुरू होतो, हे चार किलोमीटरवरच्या केंद्राला दिसणार नाही. ही त्याची चूक नाही, ते त्यासाठी बसवलेलंच नाही.

घरचा सेन्सर ही जागा भरू शकतो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि आयआयटी कानपूर यांनी २०२०-२१ मध्ये मुंबई परिसरात सरकारी केंद्रांशेजारी स्वस्त सेन्सर लावून त्यांची चाचणी घेतली होती. म्हणजे हा जुगाड आहे म्हणून सरकारने उडवून लावलेला नाही. प्रश्न फक्त हा, की कोणत्या कामासाठी त्याच्यावर विसंबायचं आणि कोणत्या कामासाठी नाही.

आत नेमकं काय चालतं?

सगळ्यात जास्त वापरला जाणारा सेन्सर म्हणजे प्लँटॉवर कंपनीचा पीएमएस ५००३. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा निळा डबा. आत एक छोटा पंखा हवा ओढतो, ती लेझरच्या झोतातून जाते, धुळीच्या कणांवरून प्रकाश विखुरतो आणि बाजूचा डिटेक्टर तो टिपतो. अंधाऱ्या खोलीत कवडशातून उन्हाची तिरीप आली की धूळ नाचताना दिसते ना, तेच तत्त्व.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: हा सेन्सर धुळीचं वजन करत नाही. तो प्रकाशाची चमक मोजतो आणि त्यावरून वजनाचा अंदाज सांगतो. तो अंदाज कंपनीने ठरवलेल्या सूत्रावर चालतो. तुमच्या गावातली धूळ, धूर आणि ओलावा त्या सूत्राला माहीत नाही. पुढच्या सगळ्या भानगडी इथूनच निघतात.

सामानाची यादी

- पीएमएस ५००३ सेन्सर, त्याच्या बारीक कनेक्टरच्या अडॅप्टरसकट. हा अडॅप्टर नसेल तर ती पिन सोल्डर करताना डोळे फुटतात.
- ईएसपी ८२६६ असलेला नोडएमसीयू बोर्ड, किंवा ईएसपी ३२.
- तापमान आणि आर्द्रतेसाठी बीएमई २८०. बाजारात याच नावाखाली सर्रास बीएमपी २८० विकला जातो. त्यात आर्द्रता मोजता येत नाही. हातात आल्याआल्या तपासा, आर्द्रतेचा आकडाच येत नसेल तर परत करा. आपल्याला खरी गरज आर्द्रतेचीच आहे.
- चांगल्या कंपनीचा ५ व्होल्टचा फोन चार्जर आणि जाड तारेची केबल.
- प्लंबिंगच्या दुकानातून ११० मिलिमीटरचे दोन पीव्हीसी एल्बो, मच्छरदाणीची जाळी, झिप टाय, सिलिकॉन.

जोडणी चार तारांची आहे. सेन्सरला ५ व्होल्ट आणि ग्राउंड, सेन्सरचा पाठवणारा पिन बोर्डाच्या घेणाऱ्या पिनला, आणि झोपवण्या-उठवण्यासाठी सेट हा पिन. सेन्सरला वीज ५ व्होल्टची लागते, पण तो बोलतो ३.३ व्होल्टमध्ये, म्हणून तो ईएसपीला थेट जोडता येतो. सेन्सरचं धातूचं कवच आतून ग्राउंडला जोडलेलं असतं. ते बोर्डाच्या मागच्या उघड्या सोल्डरला टेकणार नाही असं बसवा.

सॉफ्टवेअर शून्यातून लिहायची गरज नाही. ईएसपीहोममध्ये या सेन्सरसाठी तयार आधार आहे, दहा-पंधरा ओळींत काम होतं. स्टुटगार्टमधल्या हौशी लोकांनी सुरू केलेल्या आणि आता जगभर पसरलेल्या सेन्सर डॉट कम्युनिटी प्रकल्पाचं तयार फर्मवेअरही आहे. ते वापरलं तर आकडे थेट त्यांच्या नकाशावर दिसतात. नकाशावर जागा टाकताना मात्र घराचा अचूक ठिपका देऊ नका, चौकापर्यंत पुरे.

दोन छोट्या गोष्टी. ईएसपी ८२६६ फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय ओळखतो. राउटरवर फक्त ५ गिगाहर्ट्झ चालू असेल तर तो जोडलाच जाणार नाही. आणि सेन्सर चोवीस तास चालू ठेवू नका. दर पाच मिनिटांनी उठवा, पंखा स्थिर व्हायला ३० सेकंद द्या, पुढच्या ३० सेकंदांची सरासरी घ्या, पुन्हा झोपवा. लेझरचं आयुष्य वाढतं, आणि आत धूळही कमी साचते.

खरी परीक्षा: जून ते सप्टेंबर

आता मुख्य अडचण. या यंत्राला बाहेरची हवा मोकळेपणी मिळायला हवी, पण पाणी नको. फोनसारखं सगळं सील केलं तर ते डब्यातलीच हवा मोजत बसेल. म्हणजे "वॉटरप्रूफ" करायचंच नाही; पाऊस आत पोहोचणार नाही असा आडोसा करायचा. कोकणातल्या घराचं छप्पर उतरतं असतं, पण पडवी मोकळी असते, तसं.

दोन एल्बो एकमेकांत बसवले की उलटा यू तयार होतो. दोन्ही तोंडं जमिनीकडे. पाणी खालून वर जात नाही, हवा मात्र जाते-येते. सेन्सर या कमानीच्या एका पायात, तोंड खाली करून बसवा. बोर्ड वरच्या वाकात. ही रचना सेन्सर डॉट कम्युनिटीवाल्यांनी आधीच जगभर वापरून पाहिली आहे. आपल्याकडे ती अजून सोयीची, कारण हे पाईप कुठल्याही गावात मिळतात.

बसवताना या गोष्टी पाहा:

आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा वेगळी ठेवा. पीएमएस ५००३ मध्ये हवा घ्यायचं भोक आणि सोडायचं भोक एकाच बाजूला शेजारी शेजारी असतात. तोंडासमोर भिंत आली तर सोडलेली हवाच पुन्हा ओढली जाते. समोर निदान दोन-तीन सेंटिमीटर मोकळं ठेवा, आणि दोन भोकांच्या मध्ये पातळ प्लास्टिकची उभी पट्टी लावा.

जाळी लावा, फोम लावू नका. उघड्या तोंडांवर मच्छरदाणीची जाळी हवीच. नाहीतर पहिल्या महिन्यात मुंग्या, दुसऱ्यात पाल आणि तिसऱ्यात कुंभारीण माशीचं मातीचं घर, असा क्रम असतो. पण "धूळ आत जाऊ नये" म्हणून फोम किंवा कापड लावणारेही भेटतात. अहो, धूळ मोजायलाच तर तो बसवलाय.

केबलला झोळ द्या. केबल नेहमी खालून आत घ्या आणि आत शिरण्याआधी ती थोडी खाली लोंबकळून पुन्हा वर येऊ द्या. केबलवरून ओघळणारं पाणी त्या सर्वांत खालच्या टोकावरून गळतं, आत जात नाही. डीटीएचची केबल घरात घेताना चांगला माणूस हेच करतो.

सिलिकॉन बघून घ्या. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, ते सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं आणि तांब्याला गंज चढवतं. बोर्डाजवळ ते नको. "न्यूट्रल" लिहिलेलं मागा. कमानीची तोंडं मात्र कशानेच बुजवू नका.

बोर्डाला लेप, सेन्सरला नाही. सर्किट बोर्डांसाठी ॲक्रिलिकचा पारदर्शक स्प्रे मिळतो. तो नोडएमसीयूवर मारा, यूएसबीचं तोंड टेपने झाकून. बीएमई २८० च्या छोट्या धातूच्या टोपीला भोक असतं, त्यातूनच त्याला आर्द्रता कळते. तिथे स्प्रे गेला की तो कायमचा आंधळा. धुळीच्या सेन्सरवर तर चुकूनही नको. मुंबई, रत्नागिरी, पणजीसारख्या समुद्राकाठच्या गावांत हा लेप ऐच्छिक समजू नका, खारी हवा उघड्या सोल्डरला फार दिवस सोडत नाही.

सिलिका जेलच्या पुड्या विसरा. बुटांच्या खोक्यातल्या त्या पुड्या बंद डब्यात उपयोगी. इथे डबा दोन्हीकडून उघडा आहे. पुडी दोन दिवसांत ओली होऊन नुसती पडून राहते.

थ्रीडी प्रिंटचा डबा उन्हात जपून. पीएलए हे प्लास्टिक साधारण ६० अंशांना मऊ पडतं. विदर्भात मे महिन्याच्या उन्हात बंद, गडद रंगाचा डबा तिथवर सहज पोहोचतो. पांढरं पीव्हीसी किंवा पांढरा रंग दिलेला पाईप बरा.

२३० व्होल्ट घरातच. चार्जर आतल्या प्लगमध्ये, बाहेर फक्त ५ व्होल्टची तार. मात्र लांब, बारीक केबलमध्ये व्होल्टेज पडतं आणि वायफाय डेटा पाठवताना बोर्ड क्षणभर जास्त करंट ओढतो. सेन्सरला ४.५ व्होल्टच्या खाली चालत नाही. तो बंद न पडता चुकीचे आकडे देऊ लागला तर कळणारही नाही. चार-पाच मीटरच्या पुढे जायचं असेल तर जाड तार घ्या.

सगळं बसवण्याआधी एक फुकटची परीक्षा घ्या. इलेक्ट्रॉनिक्स बाहेर ठेवा, त्याच्या जागी कोरडा टिश्यू पेपर चिकटवा आणि झाडांना पाणी घालायच्या पाईपने दहा मिनिटं चारही बाजूंनी, तिरकं सुद्धा, पाणी मारा. टिश्यू कोरडा निघाला तरच सेन्सर आत जाईल. वाऱ्यासोबत येणारा आडवा पाऊस हा खरा शत्रू असतो.

जागा निवडताना स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट, एसीचं बाहेरचं युनिट आणि तुळशीपुढची उदबत्ती यांच्यापासून लांब. नाहीतर रोज संध्याकाळी सातला तुमच्या परिसरात "प्रदूषण" वाढताना दिसेल, आणि ते आईच्या फोडणीचं असेल.

एक हवा, तीन आकडे

आता सुरुवातीचं कोडं. समजा सेन्सरचा २४ तासांचा सरासरी पीएम २.५ आला १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, आणि आर्द्रता ६० टक्के.

हा कच्चा १०० आपल्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांकाच्या तक्त्यात टाकला, तर तो ९१ ते १२० या टप्प्यात पडतो. त्याचा निर्देशांक २३१-२३२ येतो. वर्ग: "वाईट".

पण हे सेन्सर वजनाचा अंदाज बऱ्याचदा वाढवून सांगतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने याच पीएमएस ५००३ वर चालणाऱ्या पर्पलएअर यंत्रांचे आकडे सरकारी यंत्रांशी ताडून एक दुरुस्ती सूत्र काढलं: कच्चा आकडा गुणिले ०.५२४, वजा आर्द्रता गुणिले ०.०८६२, अधिक ५.७५. आपले आकडे घाला: ५२.४ वजा ५.२ अधिक ५.७५, म्हणजे साधारण ५३. हा ५३ भारतीय तक्त्यात टाकला तर निर्देशांक ८८ च्या आसपास. वर्ग: "समाधानकारक".

तोच ५३ अमेरिकेच्या २०२४ मध्ये बदललेल्या तक्त्यात टाकला तर साधारण १४४. वर्ग: "संवेदनशील लोकांसाठी अपायकारक".

२३२, ८८, १४४. हवा एकच. ग्रुपवरचे तिघेही आपापल्या जागी खरं बोलत होते आणि तरी भांडत होते. म्हणून स्क्रीनशॉट आला की आधी दोन प्रश्न विचारा: आकडा दुरुस्त केलेला आहे का? आणि तक्ता कोणत्या देशाचा?

तिसरा प्रश्न त्याहून मोठा आहे. आपल्याकडे पीएम २.५ ची २४ तासांची मर्यादा ६० आहे, २००९ पासून. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस १५ आहे. म्हणजे ५३ ही हवा आपल्या कागदावर "समाधानकारक" आणि संघटनेच्या शिफारशीच्या साडेतीन पट. फुप्फुसाला कोणता तक्ता लागू होतो हे सांगायची गरज नाही. "सरकारी ॲपवर हिरवं दिसतंय" हे वाक्य म्हणूनच पूर्ण उत्तर नसतं.

दुरुस्तीबद्दल एक सावधगिरी. ते सूत्र अमेरिकेतल्या हवेवर बेतलेलं आहे. आपल्याकडची धूळ, कचऱ्याचा धूर, डिझेल यांचं मिश्रण वेगळं. सूत्र तात्पुरता आधार म्हणून ठीक, पण खरा मार्ग म्हणजे सरकारी केंद्राशेजारी दोन आठवडे आपला सेन्सर ठेवून तुलना करणं. परवानगी मिळत नसेल तर जवळच्या केंद्राच्या २४ तासांच्या सरासरीशी महिनाभर ताडून पाहा, निदान वर-खाली होण्याची चाल जुळते का ते कळेल. अजून एक: सेन्सर प्रत्येक वेळी दोन आकडे पाठवतो, एक कारखान्यातल्या प्रमाणाचा आणि एक "वातावरणीय". हवा स्वच्छ असताना दोन्ही सारखे असतात. हवा बिघडली की दुसरा बराच कमी दिसतो, अगदी दोन तृतीयांशापर्यंत. वरचं सूत्र पहिल्या आकड्यासाठी आहे. दोन मित्रांचे सेन्सर जुळत नसतील तर आधी हे तपासा.

आणि पावसाळ्यात, धुक्यात? आर्द्रता वाढली की कण पाणी शोषून फुगतात आणि जास्त चमकतात. दाट धुक्यात तर पाण्याचे थेंबच धूळ म्हणून मोजले जातात. सरकारी यंत्र हवा गरम करून हा ओलावा काढतं, आपलं यंत्र काढत नाही. म्हणून आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर गेली की त्या नोंदींवर खूण करा आणि त्यांच्यावरून कोणाशी वाद घालू नका. बीएमई २८० त्यासाठीच बसवला आहे.

जे या सेन्सरला दिसतच नाही

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो. लोकांना हा सेन्सर बहुतेक वेळा कशासाठी हवा असतो? शेजारच्या बांधकामाच्या धुळीसाठी. आणि नेमकं तिथेच तो सगळ्यात कमजोर आहे.

बांधकामाची, रस्त्याची, खडी-सिमेंटची धूळ बरीचशी जाड असते, म्हणजे पीएम १० मधल्या मोठ्या कणांची. पीएमएस ५००३ पीएम १० चा आकडा दाखवतो, अगदी आत्मविश्वासाने दाखवतो. पण जाड कण त्याच्या चिमुकल्या पंख्याला आत नीट ओढताच येत नाहीत. पीएम १० चा त्याचा आकडा मुख्यतः बारीक कणांवरून लावलेला अंदाज असतो. स्वतंत्र चाचण्यांत हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. घरी करून पाहा: उदबत्तीचा धूर दाखवला की आकडा लगेच उसळतो, पण झाडताना उडणारी धूळ डोळ्यांना दिसते आणि सेन्सर जवळजवळ ढिम्म असतो.

याचा परिणाम उलटा होऊ शकतो. तुम्ही मेहनतीने सेन्सर लावला, शेजारी धुळीचे लोट, आणि तुमच्याच यंत्रावर पीएम १० मर्यादेत. तो स्क्रीनशॉट तुमच्या तक्रारीचा पुरावा न राहता बिल्डरचं प्रमाणपत्र होतो.

हीच शंका सरकारी आदेशाबद्दलही विचारायला हवी. कामाच्या जागी "सेन्सरवर चालणारं यंत्र" लावा म्हणणं सोपं आहे. पण बाजारातली बरीच स्वस्त यंत्रं आतून याच जातीच्या लेझरवर चालतात. चांगल्या यंत्रात हवा ओढायला खरा पंप आणि ओलावा काढायला गरम नळी असते, त्याची किंमतही तशी असते. म्हणून साइटवर लुकलुकणारा बोर्ड दिसला की विचारायचे प्रश्न हे: हे यंत्र जाड कण मोजतं का? सरकारी यंत्राशी याची तुलना कधी झाली? ते वाऱ्याच्या कोणत्या बाजूला लावलंय? आणि आकडे फक्त बोर्डावर दिसतात की साठवून लोकांसाठी खुले आहेत? नियमात "सेन्सर" हा शब्द आला म्हणजे मोजमाप झालं, असं होत नाही.

मग उपयोग काय?

भरपूर. फक्त बरोबर ठिकाणी वापरला पाहिजे.

एक, वेळ. आकडा वीस टक्के चुकीचा असेल, पण रोज रात्री अकरा ते एक तो तिप्पट होत असेल तर तिथे काहीतरी जळतंय. धूर हे या सेन्सरचं बलस्थान आहे. महिनाभराचा तासवार आलेख प्रभाग कार्यालयात नेला, तर "कधीतरी कचरा जाळतात" या तक्रारीपेक्षा त्याचं वजन जास्त असतं.

दोन, फरक. एकाच वेळी घेतलेले दोन सेन्सर आधी आठवडाभर शेजारी ठेवा, जुळतात का पाहा. मग एक प्लांटच्या या बाजूला, एक त्या बाजूला. दोघांचीही खोड सारखीच असल्यामुळे त्यांच्यातला फरक एकट्या आकड्यापेक्षा भरवशाचा असतो. एका यंत्राचा आकडा कोणीही खोडून काढू शकतो. वारा फिरला की फरकही फिरतो हे खोडणं अवघड जातं.

तीन, रोजचे निर्णय. आजोबांनी फिरायला सकाळी सहाला जायचं की साडेआठला, दम्याच्या मुलाच्या खोलीची खिडकी कधी उघडायची. थंडीत पहाटे हवा जमिनीजवळ अडकून राहते, ऊन वर आलं की ती मोकळी होते. तुमच्या गल्लीत ते किती वाजता होतं, हे कुठलंच ॲप सांगणार नाही.

काय करू नये, तेही सांगतो. आपल्या यंत्राच्या आकड्याला "एक्यूआय" म्हणू नका. राष्ट्रीय निर्देशांक काढायला निदान तीन प्रदूषक लागतात, त्यात एक धुळीचा असावा लागतो, आणि किमान १६ तासांच्या नोंदी लागतात. आपल्याकडे फक्त धूळ आहे. "पीएम २.५ चा दुरुस्त केलेला अंदाज" असं लिहा. लांबलचक आहे, पण समोरच्या अधिकाऱ्याला तुम्हाला खोटं पाडायची संधी मिळत नाही. लाईट गेल्याने पडलेल्या नोंदींच्या भगदाडांचाही उल्लेख करा.

आणि एका विरोधाची तयारी ठेवा. एका मित्राच्या सोसायटीत गच्चीवर सेन्सर लावायचा ठराव बैठकीत मांडला तेव्हा वीज बिल किंवा वायफायबद्दल कोणी काही बोललं नाही. एक काका उभे राहिले: "हे आकडे नेटवर गेले तर उद्या आपले फ्लॅट कोण घेणार?" कमिटीने ठराव पुढच्या सभेवर ढकलला. सेन्सर शेवटी त्याने स्वतःच्या बाल्कनीत लावला. मला काकांचा राग आला नाही. आयुष्यभराची पुंजी ज्या भिंतींत घातली, तिच्या हवेचा आकडा जाहीर व्हावा असं कोणाला वाटेल? पण त्याच इमारतीत तीन लहान मुलं इनहेलर वापरतात, आणि त्यांच्या आयांनी हा प्रश्न विचारला नव्हता.

हवेच्या बाबतीत आजवर आपल्याकडे दोनच भाषा होत्या: सरकारी आकडा किंवा घशातली खवखव. साडेतीन हजारांच्या या डब्यामुळे तिसरी भाषा मिळते, पण तिचं व्याकरण पाळलं तरच ती ऐकली जाईल. तेव्हा कमानीची तोंडं खाली, केबलला झोळ, आकड्याला दुरुस्ती आणि दाव्याला मर्यादा. पावसाळ्याआधी टिश्यू पेपरची परीक्षा घ्यायला विसरू नका.